विशेष शिक्षणाच्या आधारानंतर महाविद्यालयात किंवा आयटीआयमध्ये प्रवेश कसा घ्यावा

शाळेत विशेष शिक्षक, संसाधन कक्ष आणि परीक्षेतील सवलती यांची व्यवस्था बहुतांशी शाळाच पाहते. दहावी-बारावीनंतर मात्र प्रत्येक सोय विद्यार्थ्याला स्वतः अर्ज करून मागावी लागते. म्हणून तयारी निकालानंतर नव्हे, शाळेत असतानाच सुरू करावी.

प्रथम शाळेतील कागद हाती घ्यावेत. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, मानसशास्त्रीय चाचणीचा अहवाल आणि मंडळाच्या परीक्षेत मिळालेल्या सवलतींचे पत्र यांच्या प्रती दाखल्याबरोबरच मागून घ्याव्यात, कारण दोन वर्षांनी त्या शोधायला कोणाला वेळ नसतो.

दुसरे काम प्रमाणपत्राचे आहे आणि घोळ बहुधा येथेच होतो. अध्ययन अक्षमतेचे (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील विशिष्ट अडचणीचे) प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळते, परंतु 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी सांगितली होती, आणि अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र कायमचे ठरत होते. म्हणजे ऐन पदवी प्रवेशाच्या सुमारास जुना कागद अपुरा ठरू शकतो. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांग व्यक्तींच्या विशिष्ट ओळखपत्रासाठी) अर्ज करावा. सोलापूरकर ज्याला आजही 'सिव्हिल' म्हणतात, त्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात जायचे असल्यास तपासणीचा वार आधी विचारून घ्यावा. करमाळ्याहून किंवा सांगोल्याहून येणाऱ्यांचा त्यामुळे एक हेलपाटा वाचतो.

आता अभ्यासक्रमाची निवड. ज्याला वाचन जड जाते पण हात चांगला चालतो, त्याला नाइलाजाने नव्हे तर आवडीने आयटीआय निवडता यावे, असे मला वाटते. सोलापुरात विजापूर रस्त्यावरील शासकीय आयटीआयमध्ये आधी प्रत्यक्ष जाऊन कार्यशाळा पाहावी. वेल्डर किंवा कोपा (संगणक चालवण्याचे आणि प्रोग्रामिंग साहाय्याचे प्रशिक्षण) हे व्यवसाय एका वर्षाचे, तर इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे असतात. गणवेश आणि टॉवेल तयार करणाऱ्या या शहरात शिवणकामाच्या प्रशिक्षणालाही मोल आहे. लेखी परीक्षा तेथेही असते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. पदवी घ्यायची असेल, तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत चौकशी करताना विषयांच्या यादीबरोबरच वर्ग कोणत्या मजल्यावर भरतात आणि टिपणे छापील मिळतात का, हेही विचारावे.

अर्ज भरताना दिव्यांग प्रवर्गाची नोंद अवश्य करावी. काही पालक संकोचाने ती टाळतात आणि हक्काची जागा हातची जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 32 नुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखीव असतात आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट असते. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टल पाहावे.

प्रवेश मिळताच पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा, त्यात लेखनिक, जादा वेळ आणि अन्य गरजा स्पष्ट लिहाव्यात आणि पोहोच घ्यावी. केंद्राच्या सूचनांनुसार तासाला किमान वीस मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो. दिव्यांगत्व 40 टक्क्यांहून कमी आहे एवढ्याच कारणावरून लेखनिक नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार प्रकरणात 2021 साली म्हटले आहे.

अर्ज घेऊन विद्यार्थ्यानेच आत जावे. आई-वडील दाराबाहेर थांबले तरी चालेल. काय बोलायचे ते घरी चार वेळा म्हणून पाहावे: "सर, मला वाचायला जास्त वेळ लागतो. टिपणे आदल्या दिवशी मिळाली, तर मी वर्गात नीट लक्ष देऊ शकेन."