रिॲलिटी शोमधील ड्रॅग कलावंताचे चरित्र मराठीत कसे लिहावे

ड्रॅग म्हणजे वेश, मेकअप आणि विग यांतून रंगमंचावर बहुधा स्त्रीचे रूप उभे करण्याची कला. तिच्या ‘रूपॉल्स ड्रॅग रेस’ या दूरचित्रवाणीवरील अमेरिकी स्पर्धेतील एखाद्या कलावंतावर मराठीत लेख लिहायला घेतला की पहिल्याच वाक्यात अडायला होते, कारण तिथे ‘आला’ लिहायचे की ‘आली’ हे ठरलेले नसते. इंग्रजीत सर्वनाम सांभाळले की बहुतेक काम भागते. मराठीत क्रियापद, विशेषण आणि कित्येकदा नामसुद्धा लिंग उघड करते, आणि म्हणून हा निर्णय लेख संपल्यावर शुद्धलेखन तपासताना घेण्याचा नसून साहित्य गोळा करण्याच्याही आधी घेण्याचा आहे. माझ्या अशा पहिल्या लेखाच्या मसुद्यात एकच व्यक्ती पहिल्या परिच्छेदात ‘म्हणाला’ आणि तिसऱ्यात ‘म्हणाली’ होती, आणि वाचणाऱ्याला तिथे दोन माणसे आहेत असे वाटले होते. त्या दिवसापासून मी कागदाच्या वरच्या बाजूला तीन गोष्टी लिहून ठेवतो : रंगमंचावरचे नाव, रंगमंचावरचे लिंग आणि घरातले लिंग.

या तिन्ही गोष्टी कलावंताने स्वतः अलीकडे काय सांगितले आहे त्यावरूनच ठरवाव्यात. जुन्या भागातील परीक्षकांच्या बोलण्यावरून ठरवू नयेत. पेपरमिंट या नवव्या पर्वातील (२०१७) उपविजेत्या ट्रान्स स्त्री आहेत, म्हणजे जन्माच्या वेळी पुरुष ठरवल्या गेलेल्या पण स्त्री असलेल्या व्यक्ती आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिताना, अगदी बालपणाविषयी लिहितानाही, स्त्रीलिंगच वापरावे. ट्रिक्सी मॅटेल यांचे उदाहरण वेगळे आहे. ते ब्रायन फर्कस नावाच्या पुरुषाने उभे केलेले पात्र आहे, म्हणून विग चढवल्यावर ‘त्या’ आणि विग उतरवल्यावर ‘ते’ असे लिहिता येते. मात्र हा बदल कुठे होतो ते वाचकाला स्पष्ट दिसले पाहिजे, आणि तो एका वाक्याच्या मधोमध होऊ देऊ नये. सॅशा वेलूर यांच्यासारखे कलावंत स्वतःचे लिंग प्रवाही, म्हणजे स्त्री किंवा पुरुष असे एकच ठरलेले नसल्याचे सांगतात, आणि तिथे मराठीचे व्याकरणच आपल्या मदतीला येते. ‘सॅशा यांनी मुकुट जिंकला’ या वाक्यात क्रियापद मुकुटाच्या मागे जाते, कलावंताच्या नव्हे. ‘यांनी’, ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’ ही आदरार्थी रूपे लिंग सांगत नाहीत, आणि ‘करीत असत’, ‘करतील’ ही क्रियापदेही सांगत नाहीत. थोडा सराव केला की अख्खे पान या रचनेत लिहिता येते आणि ते ओढूनताणून लिहिल्यासारखे वाटत नाही. ‘कलावंत’ आणि ‘स्पर्धक’ या शब्दांपासून मात्र जपावे, कारण त्यांच्यामागून पुल्लिंगी क्रियापद आपसूक हाताखालून उतरते.

नावाच्या बाबतीत नियम साधा आहे. जे नाव कलावंत आजही वापरतात ते द्यावे. जे नाव त्यांनी टाकून दिले आहे ते कुठेतरी सापडले म्हणून छापू नये. रंगमंचावरचे नाव कसे पडले हे मात्र जरूर शोधावे, कारण पुष्कळदा चरित्राची किल्ली तिथेच असते. ‘ट्रिक्सी’ हा शब्द ब्रायन यांना लहानपणी घरात बायकी वागण्यावरून हिणवण्यासाठी वापरला जात असे, आणि मोठेपणी त्यांनी तोच उचलून ‘मॅटेल’ या बाहुल्या बनवणाऱ्या कंपनीच्या नावाशेजारी ठेवला, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. एवढे कळले की त्यांचा तो बाहुलीसारखा, डोळ्यांभोवती प्रचंड काळ्या-पांढऱ्या रेषा ओढलेला चेहरा निव्वळ गमतीचा उरत नाही.

लेखाची सुरुवात स्पर्धेच्या पहिल्या भागापासून करण्याचा मोह टाळावा. दूरचित्रवाणीवर येण्यापूर्वी या कलावंतांनी वर्षानुवर्षे बारमध्ये आणि छोट्या रंगमंचांवर काम केलेले असते, आणि त्यांची कला तिथेच घडलेली असते. विस्कॉन्सिनच्या ग्रामीण भागात आजोबांकडून गिटार शिकलेला मुलगा मिलवॉकीत संगीत नाटकाचे शिक्षण घेतो, तिथेच ड्रॅग करू लागतो आणि पुढे ऑटोहार्प हे तंतुवाद्य घेऊन कंट्री संगीत गाणारी ट्रिक्सी रंगमंचावर आणतो. हा धागा न पकडता थेट २०१५च्या सातव्या पर्वावर उडी मारली, तर त्यांचा २०१७ सालचा पहिला अल्बम आकाशातून पडल्यासारखा वाटतो. या टप्प्यावर कलावंत कोणाच्या हाताखाली तयार झाले हेही विचारावे. मेकअप, विग आणि वागणे शिकवणाऱ्या ज्येष्ठ कलावंताला ‘ड्रॅग मदर’ म्हणतात, आणि ‘हाउस’ म्हणजे घराणे; अनेक कलावंत आपले आडनाव या घराण्यावरूनच लावतात.

आता प्रत्यक्ष स्पर्धा. तिचे आकडे अचूक द्यावेत, पण थोडेच द्यावेत. पहिले पर्व २ फेब्रुवारी २००९ रोजी ‘लोगो’ वाहिनीवर सुरू झाले, त्यात नऊ स्पर्धक होते आणि विजेत्या बीबी झहारा बेनेट यांना २०,००० डॉलर मिळाले. पंधराव्या पर्वात, २०२३ साली, सॅशा कोल्बी यांना २,००,००० डॉलर मिळाले. या दोन रकमांमध्ये स्पर्धेची वाढ दिसते. पण स्पर्धेसाठी लागणारे बरेचसे कपडे आणि विग कलावंतांना स्वतःच्या खर्चाने आणावे लागतात, हे सांगितल्याशिवाय त्या रकमेचे वजन कळत नाही, आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांची कामगिरीही कळत नाही.

पडद्यावर दिसणाऱ्या स्वभावाला चरित्रातला पुरावा मानू नये, हे मला सर्वांत आवर्जून सांगायचे आहे. दिवसभराचे चित्रण काही मिनिटांत बसवलेले असते. कलावंत कॅमेऱ्याकडे पाहून एकटे बोलतात ते तुकडे वेगळ्या वेळी घेतलेले असतात आणि नंतर भांडणाच्या मध्ये जोडलेले असतात. निकाल फुटू नये म्हणून अंतिम सोहळ्यात एकाहून अधिक कलावंतांच्या डोक्यावर मुकुट ठेवून चित्रण केले जाते, त्यामुळे मुकुट चढताना डोळ्यांत आलेले पाणी त्या कलावंताला आपण जिंकलो हे ठाऊक असतानाचे असेलच असे नाही. म्हणून ‘स्वभावाने भांडखोर’ असे लिहिण्याऐवजी ‘अमुक भागात अमुक यांच्याशी वाद झाल्याचे दाखवले आहे’ असे लिहावे. हे वाक्य कमी चटकदार आहे, पण खरे आहे.

याच्या उलट, कला मात्र डोळ्यांसमोर घडते, आणि तिला लेखात भरपूर जागा द्यावी. एक लिपसिंक, म्हणजे ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवत केलेले सादरीकरण, निवडावे, ते आधी आवाज बंद करून पाहावे, मग आवाजासह, आणि हात, मान, ओठ यांच्या हालचाली क्रमाने टिपाव्यात. २०१७च्या अंतिम सोहळ्यात सॅशा वेलूर यांनी व्हिट्नी ह्यूस्टन यांच्या गाण्यावर आधी हातमोजा काढला, तेव्हा त्यातून गुलाबाच्या पाकळ्या गळल्या. मग गाणे टिपेला पोहोचताच लाल विग उचलला आणि पाकळ्यांचा पाऊस तुळतुळीत डोक्यावरून खाली आला. प्रेक्षक ओरडले ते युक्तीला. पण कर्करोगावरील उपचारांत आईचे केस गेले होते, २०१५ साली ती गेली, आणि सॅशा यांचे ते टक्कल तिच्या आठवणीचे आहे, हे ज्याला माहीत आहे त्याला त्या पाकळ्या निराळ्या दिसतात. आठव्या पर्वातल्या (२०१६) ची ची डीवेन यांच्या लिपसिंकमध्ये मोत्यांची माळ तुटली आणि मणी रंगमंचभर उधळले, तरी त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. लुईझियानातून अगदी तुटपुंज्या साधनांनिशी आलेल्या या कलावंताबद्दल त्या अर्ध्या मिनिटातून जे कळते ते पानभर विशेषणांतून कळणार नाही.

स्पर्धेनंतरचे आयुष्य हा लेखाचा शेवटचा परिच्छेद नसून जवळजवळ अर्धा लेख असायला हवा. कितव्या क्रमांकावर बाहेर पडले यावरून पुढची वाटचाल ठरत नाही. व्हॅनेसा वँजी माटेओ २०१८ साली दहाव्या पर्वातून सर्वांत आधी बाहेर पडल्या, जाताना पाठमोरे चालत स्वतःचे नाव तीनदा उच्चारले, आणि तेवढ्याने इतक्या लोकप्रिय झाल्या की पुढच्याच पर्वात परत आल्या. ट्रिक्सी सातव्या पर्वातून दोनदा बाहेर पडल्या, २०१८ साली जुन्या स्पर्धकांसाठीच्या ‘ऑल स्टार्स’ या स्पर्धेचे तिसरे पर्व जिंकल्या आणि २०१९ साली त्यांनी स्वतःची सौंदर्यप्रसाधने बाजारात आणली. पेपरमिंट २०१८ साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, पोहोचल्या, आणि नव्या संगीतिकेतील प्रमुख भूमिका प्रथम साकारणाऱ्या त्या पहिल्या उघडपणे ट्रान्स असलेल्या स्त्री ठरल्या. जिंक्स मॉन्सून यांनी २०१३ आणि २०२२ असे दोनदा मुकुट मिळवला आणि जानेवारी २०२३मध्ये त्या ब्रॉडवेवर ‘शिकागो’ या संगीतिकेत उभ्या राहिल्या. अशा नोंदी करताना प्रत्येक कामाचे साल, जागा आणि त्यात कलावंताचा नेमका वाटा लिहावा : गायन, लेखन, निर्मिती की केवळ पाहुणी हजेरी. दौरे, कार्यक्रम आणि स्वतःची उत्पादने यांवर चरितार्थ कसा चालतो हे त्यातून आपोआप उलगडते.

आजारपण, कुटुंब आणि नातेसंबंध यांविषयी कलावंताने जाहीरपणे सांगितले तेवढेच घ्यावे. ची ची डीवेन २० ऑगस्ट २०२० रोजी वयाच्या ३४व्या वर्षी वारल्या; त्यांच्यावरच्या लेखात मृत्यूला दोन वाक्ये पुरतात, कामाला नाही.

मसुदा पूर्ण झाला की तो एकदा मोठ्याने वाचावा आणि फक्त क्रियापदांकडे कान द्यावा. जिथे ‘तो’ची ‘ती’ किंवा ‘त्यां’चा ‘त्याला’ झाला असेल तिथे जीभ अडखळते. त्या जागी पेन्सिलीने खूण करावी, पहिल्या पानावर लिहिलेल्या तीन ओळी पुन्हा पाहाव्यात आणि मग वाक्य नुसते दुरुस्त न करता नव्याने लिहावे.