डायल-अपवरचा डेस्कटॉप

१९९९ साली मी पुण्याहून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर सॅन फ्रान्सिस्कोला गेले, एका छोट्या स्टार्टअपमध्ये. डेस्कटॉप डॉट कॉम, मायवेबओएस अशा कंपन्या तेव्हा ज्या स्वप्नामागे होत्या, त्याच्याच मागे आम्हीही होतो. फायली, मेल, कॅलेंडर सगळं ब्राउझरमध्ये. कुठल्याही मशीनवर बसा, लॉगिन करा, तुमचा डेस्कटॉप हजर.

माझ्याकडे विंडोंचं काम होतं. माउसने ओढली की विंडो सरकली पाहिजे, एवढंच. पण नेटस्केप ४ या ब्राउझरची पद्धत वेगळी, इंटरनेट एक्सप्लोररची वेगळी, त्यामुळे सगळा कोड दोनदा लिहायचा. त्यात एक्सप्लोररमध्ये पानावरचं बटण आणि ते दाबल्यावर चालणारं फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, एकमेकांना धरून बसायचे, मेमरी सुटायचीच नाही. दिवसभर पान उघडं राहिलं की मशीन रखडायचं. ते दुवे आपणच तोडायचे असतात, हे शोधायला मला दोन आठवडे लागले. आयुष्यात इतकं मन लावून मी क्वचितच काही शिकले असेन.

ऑफिसात सगळं झकास चालायचं, कारण तिथे टी-१ ही वेगवान इंटरनेट लाइन होती. घरी फोन लाइनवर चालणारा ५६केचा मोडेम. सेकंदाला जेमतेम ५-६ किलोबाइट यायचे आणि आमची स्क्रिप्ट १५० किलोबाइटची. म्हणजे डेस्कटॉप दिसायलाच जवळजवळ अर्धा मिनिट. मीटिंगमध्ये मी हे बोलले नाही. नवीन होते, इंग्रजीची भीती वाटायची. बोलायला हवं होतं. म्हणून सांगते, रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आपलं प्रॉडक्ट ग्राहकाच्या मशीनवर, त्याच्या लाइनवर चालवून बघा आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. हातात आकडा असला की मोडक्यातोडक्या इंग्रजीतही मुद्दा पोचतो.

मार्च २०००मध्ये अमेरिकेतला नॅस्डॅक हा शेअर निर्देशांक ५,०००च्या वर गेला आणि मग कोसळत राहिला. आमची सेवा फुकट, भिस्त जाहिरातींवर, आणि जाहिरातदारही आमच्यासारखेच स्टार्टअप. वर्षअखेरीला कंपनी बंद झाली. ऑप्शन्सचा, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याच्या हक्काचा, पहिला चौथा हिस्सा माझ्या नावावर झाला होता, त्याची किंमत शून्य. नोकरी सुटल्यावर एच-१बीवाल्यांना नवी नोकरी शोधायला मिळणारी ६० दिवसांची मुदत २०१७ साली आली. आमच्या वेळी ती नव्हती. ऑफर लेटरवर सही करण्याआधी विचारा, कंपनीकडे बँकेत किती महिन्यांच्या खर्चाचे पैसे आहेत? हा प्रश्न उद्धट नाही. सरळ उत्तर मिळालं नाही, तर तेही एक उत्तरच.

पुढच्या मुलाखतीत मी फळ्यावर ते बटण, ते फंक्शन आणि त्यांच्यातले दोन बाण काढले. समोरचा माणूस उठून फळ्याजवळ आला, आणि आम्ही तासभर त्यावरच बोललो.