पीसी जोडताना वायरिंगचा विचार आधी करा

पहिल्यांदा पीसी जोडणाऱ्याचं सगळं लक्ष प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर असतं. वायरिंग 'शेवटी बघू' म्हणून मागे पडतं. इतक्या मशीन जोडल्यावर माझं मत पक्कं झालंय की सुरुवातच वायरींपासून करावी. काही केबल अशा कोपऱ्यात जातात की बाकीचं सामान बसलं की तिथे बोटसुद्धा पोहोचत नाही.

प्रोसेसरला पॉवर देणारी आठ पिनांची केबलच बघा. तिचं सॉकेट मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं. वर लिक्विड कूलरचा रेडिएटर किंवा शेजारी मोठा कूलर बसला की तिथे हात घालणं मुश्किल. म्हणून बोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवण्याआधीच ही केबल मागच्या बाजूने वर नेऊन कोपऱ्यातल्या भोकातून बाहेर काढून ठेवा आणि कूलर बसवायच्या आधी लावून टाका.

इथेच नवख्यांचा गोंधळ होतो, कारण ग्राफिक्स कार्डाची केबलही आठ पिनांचीच असते. प्रोसेसरची केबल चार-चारच्या दोन तुकड्यांत सुटते, ग्राफिक्सची सहा आणि दोनच्या. प्लगवर बहुतेक वेळा 'सीपीयू' किंवा 'पीसीआय-ई' असं छापलेलंही असतं. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट आहेत, म्हणून पिनांचे आकारही मुद्दाम वेगळे ठेवलेत. प्लग आत जात नसेल तर जोर लावू नका, आधी छापलेलं वाचा.

२४ पिनांच्या मुख्य केबलला मात्र खरोखर जोर लागतो आणि तिथे नवीन माणूस घाबरतो. बोर्डची कड मागून बोटांनी धरा, प्लग सरळ ठेवा आणि अंगठ्याने दाबा. प्लगची खिट्टी सॉकेटच्या दातावर अडकली की टक्क आवाज येतो. मग बाजूने वाकून बघा, दोन प्लॅस्टिकच्या मध्ये फट दिसता कामा नये. हलकेच ओढून बघा.

ही फट किती महागात पडते ते मी जवळून पाहिलंय. एक मशीन गेम सुरू केला की बंद पडायची, एरवी उत्तम चालायची. विंडोज नव्याने टाकून झालं होतं, ड्रायव्हर बदलून झाले होते. ग्राफिक्स कार्डाचा प्लग एका बाजूने जेमतेम एक मिलिमीटर वर राहिला होता, एवढंच कारण.

नव्या १६ पिनांच्या कनेक्टरमध्ये तर आणखी जपावं लागतं. एवढ्याशा प्लगमधून ६०० वॉटपर्यंत पॉवर जाऊ शकते. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० कार्डांचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या, त्यात अर्धवट बसलेला प्लग हे एक मोठं कारण निघालं. प्लग पूर्ण बसवा आणि त्यापासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल वाकवू नका. जुन्या पद्धतीच्या कार्डात स्लॉटमधून ७५ वॉट आणि प्रत्येक आठ पिनांतून १५० वॉट असा हिशेब असतो. कार्डाला असे दोन प्लग लागत असतील तर पीएसयूपासून (पॉवर सप्लायपासून) दोन स्वतंत्र केबल आणा. एकाच केबलची दोन टोकं वापरणं मला पटत नाही.

एक गोष्ट अगदी ठासून सांगतो. जुन्या मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणाऱ्या पीएसयूच्या केबल नव्या पीएसयूला लावू नका. पीएसयूकडच्या टोकाला पिनांचा क्रम ठरलेला नसतो, प्रत्येक कंपनीचा आपापला असतो. केबल बसते, पण भलत्याच पिनेवर भलतंच व्होल्टेज जाऊन ड्राइव्ह जळू शकतो. रंगीत दिव्यांच्या पट्ट्यांनाही हेच लागू: तीन पिनांची एआरजीबी पट्टी ५ व्होल्टची असते, चार पिनांची आरजीबी १२ व्होल्टची, म्हणून एकीच्या जागी दुसरी लावू नका.

आता कूलिंग. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या काड्या असतात, तिकडून हवा बाहेर पडते. समोरचे पंखे हवा आत घेणारे, मागचा आणि वरचे बाहेर टाकणारे. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवा, म्हणजे ती फिल्टरमधून येते आणि फटींतून धूळ कमी शिरते. कूलरचा पंखा बोर्डवर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या हेडरवरच (पिनांच्या जोडणीवरच) लावा, नाहीतर बरेच बोर्ड सुरू होतानाच एरर देतात. लिक्विड कूलर असेल तर पंप हा सगळ्यात उंच भाग होऊ देऊ नका. आतली हवा वर जमते आणि पंपात अडकली की तो घरघरतो. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढली का, हे बसवण्याआधी एकदा बघाच.

वायरी मागे नीट बांधल्या की तापमान खूप उतरतं, असं बरेच जण समजतात. पंख्यासमोर केबलचा गुंताच नसेल तर फरक किरकोळच पडतो. खरा फायदा वर्षभराने होतो, जेव्हा नवा ड्राइव्ह टाकायला किंवा धूळ काढायला तुम्ही पॅनल उघडता. म्हणून मी झिप टाय टाळतो आणि वेल्क्रोच्या पट्ट्या वापरतो, त्याही मशीन एकदा सुरू होऊन सगळं नीट चालताना दिसल्यावरच.

मग अर्धा तास मशीनला जड काम (लोड) देऊन तापमान बघा. आकडा जास्त वाटला तर बाजूचं पॅनल काढून तीच चाचणी पुन्हा घ्या. आठ-दहा अंश उतरले तर कूलर ठीक आहे, कॅबिनेटला हवा कमी पडतेय. समोरच्या फिल्टरपासून तपासायला लागा. काहीच फरक पडला नाही तर कूलरचे स्क्रू आणि प्रोसेसर-कूलरमधली थर्मल पेस्ट बघा.