लॅब्राडोराइटचा कॅबोशॉन घासताना रंग कसा टिकवावा

कॅबोशॉन म्हणजे पैलू न पाडता वर घुमट देऊन घासलेला दगड. लॅब्राडोराइट या करड्या दगडाचा निळा-सोनेरी झगमगाट वरच्या पृष्ठभागावर नसतो. आतल्या अतिसूक्ष्म थरांवरून परतणारा प्रकाश ठरावीक कोनातूनच दिसतो. कोन चुकला की फिनलंडच्या युलामा भागातला उंची दगडही करडाच राहतो.

म्हणून करवतीआधी दिवा. कच्चा तुकडा ओला करा, एकच दिवा डोळ्यांजवळ धरा आणि दगड सावकाश फिरवा. रंग सर्वांत भरून दिसेल तेव्हा थर बहुधा तुमच्याकडे तोंड करून असतात. त्यांना समांतर रेघ ॲल्युमिनियमच्या काडीने मारा. पेन्सिलची रेघ पाण्यात पुसली जाते. या कामाला घाई करू नका. काप थोडा तिरका गेला तरी पेंडंट समोरून मंद दिसते आणि मान वाकडी केल्यावरच चमकते.

आता रेघेवरून 5 ते 6 मिमी जाडीचा काप काढा. या दगडाला जवळजवळ काटकोनात दोन विदलन-प्रतले, म्हणजे दगड सहज फुटतो अशा सपाट दिशा, असतात, त्यामुळे ब्लेडवर दाब दिला की कड उडते. पाणी सतत हवे, तोंडावर मास्कही. 18×13 मिमीचा अंडाकृती आकार आखून बाहेर 1 मिमी जागा सोडा.

घासताना दगड धरायच्या काडीवर तो चिकटवायला गरम लाखेपेक्षा सुपरग्लू बरा. एकदम तापला तर दगड तडकतो. 80 ग्रिटचे, म्हणजे भरड कणांचे, चाक वापरू नका, त्याचे घाव खोल जातात. 220, 600, 1200, 3000 असे चढत जा. प्रत्येक टप्प्यानंतर दगड कोरडा करून पाहा. ओल्या दगडावर ओरखडे लपतात आणि पॉलिशनंतर पांढऱ्या रेघा होऊन वर येतात. शेवटी ओल्या चामड्यावर सेरियम ऑक्साइडची पूड लावून पॉलिश.

घुमट बुटका, साधारण 2 मिमी. उंच घुमटावर रंग आक्रसून ठिपक्याएवढा होतो. खऱ्या मूनस्टोनचे मात्र उलट: त्याची तरंगती आभा उंच घुमटावरच खुलते. बाजारातला ‘रेनबो मूनस्टोन’ बहुतेकदा फिकट लॅब्राडोराइटच असतो, तेव्हा त्याला बुटका घुमटच द्या.

खालच्या कडेला अर्धा मिमी उतार द्या, नाहीतर कोंदणात बसवताना तीच कड टवका उडून जाते. कोंदणाला 0.3 मिमी जाडीची शुद्ध चांदीची पट्टी पुरे. डाख देणे आणि आम्लात साफ करणे दगड बसवण्याआधीच उरका. मग पट्टी समोरासमोरच्या चार बाजूंनी आळीपाळीने दाबत न्या.

अंगठीपेक्षा पेंडंट किंवा कानातले करा. मोह्स मापावर याचे काठिण्य जेमतेम 6 ते 6.5 आणि धुळीतले क्वार्ट्झ 7, म्हणजे बोटातला दगड लवकर खरवडतो. साफ करायला कोमट पाणी, सौम्य साबण. अल्ट्रासॉनिक यंत्र आणि वाफ नको.