ध्वजवंदन आणि गल्लीतले सामने: आयोजकांनो, या चुका टाळा

ध्वज वरपर्यंत गेला, पण उघडेना. १५ ऑगस्टची सकाळ, आदल्या रात्रीपासून पावसाची रिपरिप. डोंबिवलीतल्या आमच्या चार इमारती आणि मागची चाळ मिळून दीडशेएक माणसं मैदानात उभी. ज्यांच्या हस्ते ध्वजारोहण होतं ते निवृत्त पोस्टमन काका दोरी ओढत होते आणि वरची गाठ सुटायला तयार नव्हती. पाचेक मिनिटं सगळे सावधानमध्ये ताटकळले. शेवटी ध्वज खाली घेतला, गाठ नखांनी उकलली आणि पुन्हा वर चढवला. कुणी काही बोललं नाही, पण काकांचे हात थरथरत होते. त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. चूक आम्हा स्वयंसेवकांची होती, आणि ती आदल्या संध्याकाळीच झाली होती.

२६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तिन्ही दिवसांच्या तयारीत मी गेली बारा वर्षं आहे. ऐन दिवशी जे बिघडतं, ते बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी कुणीतरी "होईल की उद्या" म्हणून सोडून दिलेलं असतं. त्याहूनही जास्त वेळा असं होतं की ते काम कुणाचं, हेच ठरलेलं नसतं. "आपण सगळे मिळून बघू" असं म्हटलं की ते काम राहिलंच समजा. म्हणून पुढे वाचताना प्रत्येक कामापुढे तुमच्याकडच्या एका माणसाचं नाव मनात लिहीत चला.

गाठ, दोरी आणि ध्वज

सुती दोरी भिजली की फुगते आणि कप्पीत घट्ट बसते. गाठ निरगाठ असेल तर ओढाल तितकी आवळत जाते. घडी केलेल्या ध्वजाभोवती दोरीचा एकच वेढा द्यायचा आणि त्यावर सुरगाठ मारायची. खालून जी दोरी ओढणार, ती सुरगाठीच्या सुटणाऱ्या टोकाशीच जोडलेली आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या. मग तेवढ्याच मापाचं जुनं कापड बांधून संध्याकाळी रंगीत तालीम करा. ऑगस्टमध्ये आम्ही त्या गाठीवर मगभर पाणी ओततो आणि मगच ओढतो. ओली गाठ सुटली तर सकाळची काळजी मिटली. कप्पी करकरत असेल तर तेलाचे दोन थेंब पुरतात. पण ते शिडी लावून सोडायचे असतात आणि सकाळी शिडी कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून तेही संध्याकाळीच उरका.

ध्वजाची घडी झाल्यावर केशरी पट्टा कुठल्या बाजूला आहे ते बाहेरून कळत नाही. उलटा ध्वज फडकला तर सगळा दिवस झाकोळून जातो. घडी घालण्याआधी वरच्या टोकाला दोरीवर लाल दोरा गुंडाळून ठेवा. आत फुलांच्या पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची परवानगी आहे, पण मूठभरच ठेवा. ओल्या झेंडूचा गोळा ध्वजाला चिकटून बसतो आणि केशरी डाग पांढऱ्या पट्ट्यावर पडतो.

ध्वज विकत घेताना बघायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या बघाच. लांबी आणि उंची यांचं प्रमाण ३:२ हवं. अशोकचक्र गोल हवं आणि त्याला २४ आरे हवेत. रस्त्यावरच्या स्वस्त ध्वजांवर चक्र अंड्यासारखं लांबट आणि आरे कमी, असं मी बऱ्याचदा पाहिलं आहे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून पॉलिएस्टरचा आणि यंत्रावर तयार केलेला ध्वजही चालतो, त्यामुळे खादीचा मिळाला नाही म्हणून अडून बसू नका. प्लॅस्टिकचा मात्र अजिबात नको.

ध्वजस्तंभाला प्रायोजकाचा फ्लेक्स बांधण्याची चूक फार ठिकाणी दिसते. स्तंभावर कोणतीही जाहिरात चालत नाही. मंडळाचा किंवा सोसायटीचा झेंडा राष्ट्रध्वजाच्या बरोबरीने किंवा त्याहून उंच लावणंही चालत नाही. देणगी देणाऱ्याला हे आधीच सांगितलं तर तो समजून घेतो. सकाळी सगळ्यांसमोर फ्लेक्स उतरवायला लावलात तर त्याचं मन दुखावतं, आणि त्याच्या जागी मीही दुखावले असते.

मुलांच्या हातातल्या कागदी झेंड्यांकडे कुणाचंच लक्ष नसतं. कार्यक्रम संपला की ते पायऱ्यांवर, गाड्यांखाली, गटाराच्या जाळीत दिसतात. आम्ही आता प्रवेशद्वाराशी एक पुठ्ठ्याचा खोका ठेवतो आणि चौथी-पाचवीतल्या दोन मुलांना त्याची जबाबदारी देतो. ती मुलं मोठ्यांनाही सोडत नाहीत, "काका, झेंडा खोक्यात" असं ठणकावून सांगतात. गोळा झालेले झेंडे कचऱ्यात न टाकता चारचौघांच्या नजरेआड, मानाने नष्ट करायचे असतात.

राष्ट्रगीताच्या आधी जाहिरात

एका वर्षी राष्ट्रगीतासाठी फोन स्पीकरला जोडला, बटण दाबलं आणि सगळे सावधानमध्ये असताना साबणाची जाहिरात सुरू झाली. फोनवर ऑनलाइन काही लावायचंच नाही. ध्वनिफीत आधी उतरवून घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि संध्याकाळी एकदा पूर्ण वाजवून बघा. पूर्ण राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागतात. ध्वनिफीत दोन मिनिटांची असेल तर ती वाद्यवृंदाची किंवा कुठल्या तरी सजवलेल्या चालीची आहे, ती नको.

माझं मत विचाराल तर स्पीकर बंद ठेवा आणि गा. अडचण येते ती पट्टीची. उत्साहात कुणीतरी उंच पट्टीत सुरुवात करतं आणि शेवटच्या 'जय हे'पर्यंत निम्मी माणसं गप्प झालेली असतात. गाणं शिकलेली एखादी ताई गल्लीत असतेच, तिला पहिली ओळ खालच्या पट्टीत उचलायला सांगा. ध्वज फडकला की लगेच राष्ट्रगीत, भाषणं त्यानंतर. १ मे रोजी राज्यगीतही घेत असाल तर ते राष्ट्रगीतानंतर ठेवा आणि त्याचे शब्द छापून वाटा.

सामन्यांची गणितं न मांडणं

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अकरा संघांनी नावं दिली. उत्साहात कुणी म्हणालं, "लीग खेळवू, सगळ्यांना सगळ्यांशी खेळायला मिळेल." अकरा संघांच्या लीगमध्ये ५५ सामने होतात. एका दिवसात ते शक्यच नाही. बाद पद्धतीत मात्र संघांच्या संख्येपेक्षा एकच सामना कमी, म्हणजे १०. अकराच्या पुढचा दोनाचा घात १६, म्हणून पहिल्या फेरीत १६ वजा ११, म्हणजे पाच संघांना पुढे चाल, न खेळताच दुसरी फेरी. उरलेल्या सहा संघांचे तीन सामने होतात आणि दुसऱ्या फेरीत बरोबर आठ संघ उतरतात. पुढे चाल कुणाला, हे सगळ्या कर्णधारांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवा. आयोजकांच्या संघाला पुढे चाल मिळाली आणि चिठ्ठ्या कुणी पाहिल्या नाहीत, तर तो संशय पुढच्या वर्षापर्यंत मिटत नाही.

आता वेळ. सहा षटकांचा टेनिस बॉलचा सामना नाणेफेक, वाद आणि पाणी धरून पाऊण तास घेतोच. त्यात दहा मिनिटं संघ बदलायला. असे दहा सामने म्हणजे नऊ तासांहून जास्त. सकाळी दहाला सुरू केलं तर अंतिम सामना संपायला सात वाजून जातात, अंधार पडतो. पाच षटकं करा, किंवा पहिली फेरी आदल्या रविवारी उरका. बक्षीस समारंभ रात्री लांबला तरी ध्वनिक्षेपक दहाला बंद झालाच पाहिजे, आणि तो लावायला लेखी परवानगी लागते. रुग्णालय किंवा शाळा १०० मीटरच्या आत असेल तर तो भाग शांतता क्षेत्र असू शकतो. परवानगीचा अर्ज आधी द्या, आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात धावपळ करून काही हाती लागत नाही.

नियम लिहून भिंतीवर लावा. गल्ली क्रिकेटचे नियम प्रत्येकाला माहीत असतात, फक्त प्रत्येकाचे वेगळे असतात. एक टप्पा आउट आहे की नाही? चेंडू तळमजल्याच्या गॅलरीत गेला तर आउट की दोन धावा? पार्किंगमधल्या गाडीला लागला तर? एका वर्षी उपांत्य सामना याच एक टप्प्यावरून वीस मिनिटं थांबला आणि दोन सख्खे शेजारी महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. पंच म्हणून शेजारच्या गल्लीतला माणूस बोलवा. रोख बक्षीस मी कधीच सुचवणार नाही. पैसे आले की बाहेरचे खेळाडू येतात आणि गल्लीतली मुलं बाकावर बसतात.

जमीन न बघता खेळ ठरवणं

पेव्हर ब्लॉकवर कबड्डी खेळवू नका. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं, तेवढी जागा पार्किंगमध्ये निघतेही, पण पकड झाली की कोपर आणि गुडघा थेट सिमेंटवर. माती नसेल तर कबड्डी त्या वर्षी नको, लंगडी किंवा डॉजबॉल घ्या.

रेषा आखायला चुना वापरू नका. फक्की आणा. ओला चुना डोळ्यात किंवा खरचटलेल्या गुडघ्यावर गेला तर भाजतं. पावसात फक्कीही वाहून जाते, म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही सुतळी अंथरून खिळ्यांनी जमिनीलगत पक्की करतो, खिळ्यांची डोकी मातीत गाडून.

रस्सीखेचीसाठी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणणं धोक्याचं आहे. ती ताणून तुटली तर चाबकासारखी उलटते. जाड सुती किंवा तागाची रस्सी भाड्याने आणा. आणि कुणीही, विशेषतः मुलांनी, रस्सी मनगटाला किंवा पंजाला गुंडाळायची नाही, हे शिट्टी वाजवण्याआधी प्रत्येक संघाकडे जाऊन सांगा. गुंडाळलेला हात ओढाओढीत सुटत नाही, बोटं चेमटतात.

तीन दिवसांचे तीन ऋतू आहेत, वेळापत्रक मात्र दरवर्षी तेच छापलं जातं. १ मे रोजी मुलांच्या शर्यती सकाळी नऊच्या आत संपवा, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर घ्या. प्रथमोपचार पेटी आणि ओआरएसची पाकिटं मैदानातच हवीत, कुणाच्या चौथ्या मजल्यावरच्या कपाटात नकोत. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक नियमांच्या कागदावर वर लिहा आणि फाटकासमोर गाडी लावू देऊ नका.

कुणाला बोलावायचं राहून गेलं?

ही चूक लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली. महिलांची संगीत खुर्ची आम्ही साडेअकराला ठेवायचो आणि "बायका येतच नाहीत" म्हणायचो. साडेअकराला पाहुण्यांचा स्वयंपाक चालू असतो. ती स्पर्धा संध्याकाळी सहाला नेली आणि खुर्च्या कमी पडल्या. आमच्याकडचे दोन सुरक्षारक्षक बारा तासांच्या पाळीत असतात, त्यांची मुलं फाटकाच्या आत उभी राहून लिंबू-चमचा बघायची. प्रवेश फी वीस रुपये होती, कुणी हाकललं नव्हतं, पण कुणी हाकही मारली नव्हती. आता लहान मुलांना फी नाही आणि नावं घ्यायला एक ताई फाटकापासून चाळीच्या टोकापर्यंत स्वतः जाते. ज्येष्ठांसाठी खुर्च्या सावलीत आणि ध्वजस्तंभ दिसेल अशा मांडा. उभं राहणं जमत नसलेल्या आजींना उठण्याचा आग्रह करू नका.

खाऊचं एक. आमच्या इमारतीतल्या कोल्हापूरच्या कुटुंबामुळे जिलेबी या दिवशी आमच्याकडेही रुळली आहे. ती पोत्यांच्या शर्यतीआधी वाटू नका, नंतर वाटा.

वर्गणी आणि हिशेब

पावतीशिवाय एक रुपयाही घेऊ नका आणि आठ दिवसांत हिशेब फलकावर लावा, अगदी फक्कीच्या पिशवीच्या किमतीसकट. उरलेली रक्कम किती आणि कुणाकडे, तेही लिहा. नोंदणी नसलेलं मंडळ लोकांकडून वर्गणी जमवणार असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, ती वेळेत घ्या.

संध्याकाळी ध्वज कोण उतरवणार?

सकाळी दीडशे माणसं असतात, संध्याकाळी एकही नाही. जुलै २०२२ पासून नागरिकांना ध्वज दिवसरात्र फडकवता येतो, हे खरं. पण तो विसरून राहिला आणि वाऱ्यापावसात फाटला, तर फाटका ध्वज लावून ठेवणं चालत नाही. आम्ही उतरवायची वेळ ठरवून टाकली आहे आणि चार मुलं नेमली आहेत. उतरवताना ध्वज जमिनीला लागू द्यायचा नाही. दोघांनी दोन बाजूंनी आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, मग दोन्ही बाजू अशा आत घ्यायच्या की वर अशोकचक्र आणि थोडा केशरी, थोडा हिरवा रंग दिसेल. मग तळहातांवर ठेवून न्यायचा.

पावसात भिजला असेल तर तसाच डब्यात घालू नका. घरात दोरीवर सावलीत पूर्ण वाळवा आणि मग घडी घाला. एकदा आम्ही तो ओलाच ठेवला आणि २५ जानेवारीला डबा उघडला तेव्हा पांढऱ्या पट्ट्यावर काळे ठिपके होते. रात्री नऊ वाजता नवा ध्वज शोधत स्टेशनपर्यंत गेलो. आता डबा पोस्टमन काकांच्या घरी असतो, आणि दर महिन्याला ते तो उघडून बघतात.