पेटी उघडण्याआधी दार वाचा: वसंतातली मधपेटीची तपासणी

थंडी ओसरून ऊन जरा तापू लागलं की माश्या पाळणाऱ्याचे हात शिवशिवायला लागतात. राणी आहे की गेली, मध उरलाय की संपला, सगळं एका दिवसात बघून घ्यावंसं वाटतं. पहिल्या वर्षी मी दर तीन-चार दिवसांनी झाकण उचलत होतो आणि त्याला काळजी म्हणत होतो. माश्यांच्या बाजूने पाहिलं तर तो निव्वळ उपद्रव होता. पेटी उघडली की आतली ऊब जाते, घरातला वास विस्कटतो आणि राळेने बुजवलेले सांधे त्यांना पुन्हा बुजवत बसावं लागतं. म्हणून आता माझा नियम असा: आधी बाहेर बसून बघायचं, आणि झाकण उचलायचं ते मनात नेमका प्रश्न असेल तेव्हाच.

या बाबतीत मला फ्रांस्वा ह्युबर आठवतो. अठराव्या शतकातल्या या स्विस अभ्यासकाची दृष्टी तरुणपणीच गेली होती. पोळी उघडून बघायचा त्याचा मदतनीस बर्नेन्स. ह्युबर फक्त विचारायचा. राणीचं मीलन पेटीत होत नाही, बाहेर उंच हवेत होतं, हे या जोडीने दाखवून दिलं.

दाराशी अर्धा तास

ऊन असलेली दुपार निवडा. पेटीसमोर नाही, बाजूला बसा. माश्यांच्या ये-जा करण्याच्या वाटेत माणूस आला की त्या चिडतात. हवा १० ते १२ अंश सेल्सिअसच्या वर गेली की मधमाश्या बऱ्यापैकी बाहेर पडू लागतात. त्याहून गार दिवशी दार ओस दिसलं तर लगेच घाबरू नका.

सर्वांत आधी पाय बघा. मागच्या पायांवर परागाचे गोळे घेऊन माश्या भराभर आत शिरत असतील, तर आत बहुधा अळ्या आहेत, कारण अळ्यांचं पोषण परागावर चालतं. म्हणजे राणीही असण्याची शक्यता मोठी. ही खात्री नव्हे, पण झाकण न उचलता मिळणारी सर्वांत चांगली खूण हीच. शेजारच्या चार पेट्यांत पराग जातोय आणि पाचवीत नाही, तर पाचवीचं नाव वहीत लिहा.

गोळ्यांचा रंगही टिपा. मोहरीचा पिवळा, सूर्यफुलाचा नारिंगीकडे झुकणारा, खसखशीचा काळसर करडा. एका माशीच्या दोन्ही पायांवर बहुतेक वेळा एकच रंग असतो, कारण एका फेरीत ती सहसा एकाच जातीच्या फुलांवर फिरते. ही गोष्ट ॲरिस्टॉटलनेही नोंदवून ठेवली आहे. रंगांची वही दोन वर्षं ठेवली तर आपल्या परिसरात कोणता बहर कधी येतो याचं पंचांगच हाती येतं.

पायांवर काही नाही, पण पोट जड झाल्यामुळे दाराच्या जरा खालीच आदळणारी माशी मकरंद घेऊन आलेली असते. जेमतेम १०० मिलिग्रॅम वजनाची कामकरी माशी ४० मिलिग्रॅमच्या आसपास मकरंद वाहून आणू शकते. तेव्हा तिच्या अवघड उतरण्याला हसू नये.

आता एक नेहमीचा घोटाळा. दुपारी अचानक दारासमोर माश्यांचा ढग जमतो आणि नवखा माणूस म्हणतो, 'थवा निघाला!', म्हणजे जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन नवं घर शोधायला निघाली. नीट बघा. त्या पेटीकडे तोंड करून हवेत पुढे-मागे झुलत असतील, तर ती तरुण माश्यांची घर ओळखण्याची शाळा आहे. पंधरा-वीस मिनिटांत सुटते. दाराशी झटापट चाललीय, माश्या फटी हुंगताहेत, कोणाच्याही पायावर पराग नाही, असं असेल तर ती लूटमार, म्हणजे परक्या पेटीतल्या माश्या मध चोरायला आल्यात. तेव्हा दार एक-दोन माश्या जातील एवढंच ठेवा आणि त्या दिवशी पेटी अजिबात उघडू नका. खरा थवा निघतो तेव्हा दारातून माश्या अक्षरशः ओतल्या जातात. तो एकदा पाहिला की पुन्हा शंका येत नाही.

खाली जमिनीवरही नजर टाका. खडूच्या तुकड्यांसारख्या कडक, पांढऱ्या मेलेल्या अळ्या दिसल्या तर बुरशीचा रोग आहे. पेटीच्या पुढच्या भिंतीवर तपकिरी ओघळ म्हणजे पोट बिघडल्याची खूण.

फुलांपाशी

उरलेली गोष्ट फुलांवर चालू असते. एक ताटवा ठरवा आणि रोज वेगवेगळ्या वेळी दहा मिनिटं माश्या मोजा. सकाळी गजबजलेलं फूल दुपारी ओस पडलेलं दिसेल. अनेक झाडं ठरावीक वेळीच मकरंद सोडतात आणि ती वेळ माश्यांच्या लक्षात राहते. मग एकाच माशीमागे नजर लावा. ती पराग गोळा करतेय की फक्त सोंड घालून मकरंद पितेय? लसूणघासाच्या फुलात तर मजाच आहे. समोरून शिरलं की फुलातला खटका उडतो आणि माशीच्या डोक्यावर आपटतो. दोन-चार वेळा मार खाल्लेली माशी बाजूच्या फटीतून सोंड घालायला शिकते. तिला मकरंद मिळतो, परागीभवन मात्र राहून जातं.

उघडायचा दिवस

हवा १५ अंशांच्या वर, वारा नाही, ऊन स्वच्छ, असा दिवस धरा. पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष, माश्या ३४-३५ अंशांवर जपतात. गार वाऱ्यात चौकट, म्हणजे पोळं धरून ठेवणारी लाकडी चौकट, हातात धरून गप्पा मारल्या तर तो मरतो. वेळ दुपारच्या आसपासची ठेवा. तेव्हा वयस्क आणि तापट माश्या बाहेर कामावर असतात.

कपडे फिकट रंगाचे, तोंडावर जाळी. अत्तर लावू नका आणि केळं खाऊन जाऊ नका, हा विनोद नाही: नांगी मारताना माशी जो धोक्याचा वास सोडते, त्यातला मुख्य घटक केळ्याच्या वासाचा असतो. नांगी लागलीच तर नखाने लगेच खरवडून काढा. कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं. श्वास अडकू लागला किंवा चेहरा, घसा सुजू लागला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

स्मोकर, म्हणजे धूर सोडायचं भातेवालं भांडं, नीट पेटवा. धूर पांढरा आणि गार हवा. आपल्याच हातावर सोडून बघा, चटका बसता कामा नये. दाराशी दोन-तीन झुळका, मग एखादं मिनिट थांबा. धुराने धोक्याचा वास झाकला जातो आणि माश्या मध पोटात भरून घेण्याच्या नादाला लागतात. जास्त धूर देऊ नका, नाहीतर सगळ्या सैरावैरा धावतील आणि तुम्हाला धड काहीच दिसणार नाही.

झाकण उचलण्याआधी पेटी मागच्या बाजूने जराशी उचलून वजन अजमावा. हलकी लागली तर आत काय बघायचं ते ठरलंच.

चौकटी कशा काढायच्या

कडेची चौकट पहिली. पटाशीने दोन्ही टोकं सैल करा, सरळ वर उचला आणि पेटीला टेकवून ठेवा. आता आत जागा झाली. पुढची प्रत्येक चौकट आधी त्या मोकळ्या जागेकडे सरकवायची आणि मगच वर काढायची. मधलीच चौकट ओढून काढली तर शेजारच्या पोळ्यावर माश्या घासल्या जातात. त्यात राणी सापडली तर वर्ष वाया. चौकट कायम पेटीवरच धरा, म्हणजे राणी पडली तरी घरातच पडेल. आणि परत ठेवताना तोच क्रम, तीच दिशा.

दोन पोळ्यांमध्ये माश्या जेमतेम सेंटिमीटरभराची वाट मोकळी सोडतात. १८५१ मध्ये लँगस्ट्रॉथ या अमेरिकन मधमाशीपालकाने पेटीची रचना या अंतरावर बेतली आणि म्हणून आज पोळं न तोडता चौकट बाहेर काढता येते. बसवताना चौकटींमधलं अंतर वेडंवाकडं केलंत तर पुढच्या वेळी तिथे आडवंतिडवं पोळं बांधलेलं मिळेल.

काय बघायचं

राणी शोधत बसू नका. अंडी शोधा. सूर्य पाठीशी घ्या, ऊन खांद्यावरून थेट पोळ्यातल्या षट्कोनी घरांच्या तळाशी पडू द्या. तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरं अंडं पहिल्या दिवशी उभं असतं, मग कलतं आणि तिसऱ्या दिवशी आडवं पडतं. उभं अंडं दिसलं म्हणजे काल-आजपर्यंत राणी होती, एवढं पुरे. प्रत्येक घरात एक अंडं, मधोमध तळाशी, हे निरोगी चित्र. एकेका घरात तीन-चार अंडी, तीही भिंतींना चिकटलेली, असतील तर राणी जाऊन कामकरी माश्या अंडी घालू लागल्या आहेत. ती वसाहत सावरणं कठीण.

मग पिलाव्याचा आकार. भरीव, एकसंध, घरांवरची मेणाची झाकणं किंचित फुगीर आणि कोरडी असावीत. कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांत बाहेर येते, राणी १६ आणि नर २४. म्हणजे आज दिसणारा पिलावा ही तीन आठवड्यांनंतरची माश्यांची संख्या आहे. झाकणं खचलेली, भोकं पडलेली, वास कुजका असेल तर आगकाडी घालून हळूच ओढा. तपकिरी चिकट तार निघाली की थांबा. हा जिवाणूंमुळे होणारा घातक कूजरोग असू शकतो. त्याचे बीजाणू दशकानुदशकं टिकतात आणि अनेक देशांत तो सरकारला कळवणं बंधनकारक आहे. ती पटाशी आणि ती चौकट दुसऱ्या पेटीला लावायची नाही.

व्हरोआ गोचीड, म्हणजे माश्यांवर आणि पिलाव्यावर जगणारा बारीक परजीवी, डोळ्यांनी शोधण्यात अर्थ नाही, मोजा. पिलाव्याच्या चौकटीवरच्या अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण ३००, राणी त्यात नाही ना हे बघून जाळीच्या बरणीत घ्या आणि पिठीसाखरेत घोळवून हलवा. खाली पडलेल्या गोचिडांना ३ ने भागलं की शेकडा प्रमाण मिळतं.

अन्न: वसंतात वसाहती उपाशी मरतात, हे नवख्यांना पटत नाही. पिलावा झपाट्याने वाढतो, खाणारी तोंडं वाढतात आणि मध्येच आठवडाभर पाऊस किंवा गारठा पडतो. दोन चौकटींपेक्षा कमी मध असेल तर साखर आणि पाणी सारख्या वजनाने घेऊन पाक द्या. कुठून आला हे माहीत नसलेला मध कधीही देऊ नका. रोग त्यातूनच येतात.

जागा: खालची कोठी, म्हणजे पिलाव्याचा कप्पा, माश्यांनी भरत आली की तिच्यावर मधकोठी, म्हणजे मधासाठीचा कप्पा, चढवा. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबती राणीघरं दिसली आणि त्यांत अळी असली, तर थव्याची तयारी सुरू आहे. राणीघर अंडं घातल्यापासून आठव्या दिवसाच्या सुमारास बंद होतं आणि थवा बहुधा त्याच वेळी निघतो. म्हणून या दिवसांत सात दिवसांहून मोठं अंतर ठेवायचं नाही. इतर वेळी मात्र दोन-तीन आठवडे पेटीला हात न लावणंच बरं.

चौकट हातात असताना एखादी माशी पोट हलवत सरळ रेषेत धावताना, वळून पुन्हा तेच करताना दिसली तर दोन मिनिटं थांबा. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी या नाचाचा अर्थ उलगडला. १९७३ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. उभ्या पोळ्यावर सरळ वर धावणं म्हणजे सूर्याच्या दिशेने चला. उजवीकडे जितका कोन, तितकं सूर्याच्या उजवीकडे. पोट हलवण्याचा एक सेकंद म्हणजे ढोबळमानाने एक किलोमीटर. दिशा आणि अंतर वहीत लिहा आणि संध्याकाळी त्या बाजूला फिरून या. आठवडाभर दाराशी दिसलेल्या रंगाचं झाड बहुधा तिकडेच सापडतं.

झाकण लावल्यावर लगेच निघू नका. थोड्याच वेळात दाराशी काही माश्या पोट वर करून पंख फडफडवू लागतात आणि लिंबासारखा मंद वास येतो. बाहेर भरकटलेल्या बहिणींना त्या घराकडे बोलावत असतात. फडफड थांबली, परागवाल्या पुन्हा आत शिरू लागल्या की स्मोकर विझवा आणि निघा.