समाजवाद विरुद्ध भांडवलशाही: वादविवादाला उभं राहण्याआधी

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांमध्ये हा विषय फिरून फिरून येतो. हल्ली तो एकटा येत नाही, ‘भांडवलशाहीला विरोध म्हणजे देशाच्या विकासाला विरोध’ असं शेपूट लावून येतो. म्हणजे एका ठरावात दोन भांडणं: एक अर्थकारणाचं, दुसरं देशभक्तीचं. बहुतेक जोड्या दोन्ही एकत्र कालवतात. मग एक जण सोव्हिएत रशिया कसा कोसळला ते सांगतो, दुसरा अमेरिकेतले बेघर मोजतो, आणि कोणी कोणाला उत्तरच देत नाही.

ठराव हातात आला की कागदावरची दोन्ही मोठी नावं खोडा आणि तीन प्रश्न लिहा. मालकी कोणाची? भाव कोण ठरवतं? तोटा झाला तर तो कोणाच्या माथी? मग एकच वस्तू किंवा संस्था घ्या आणि तिला हे प्रश्न विचारा. सात मिनिटांच्या भाषणात अशी दोन उदाहरणं पुरतात. तिसरं घेतलं की तिन्ही अर्धवट राहतात.

ऊस घेऊन बघा. सहकारी साखर कारखान्याची मालकी कागदोपत्री सभासद शेतकऱ्यांची. पण उसाचा किमान भाव, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार जाहीर करतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलमागे ३५५ रुपये होता, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार पैसे १४ दिवसांत द्यायचे. साखर कारखान्यातून किमान किती दराने विकायची तेही सरकारच ठरवतं. २०१९ मध्ये तो दर किलोला ३१ रुपये केला गेला. आणि कर्ज थकलं तर अनेक कारखान्यांच्या मागे राज्य सरकारची थकहमी उभी असते. म्हणजे मालक शेतकरी, भाव दिल्लीचा, जोखीम करदात्याची. याला समाजवाद म्हणाल की भांडवलशाही? धड कशातच बसत नाही, म्हणूनच हे उदाहरण कामाचं. समोरचा ‘सहकार म्हणजे समाजवादच’ असं म्हणाला की भाव आणि तोटा हे दोन प्रश्न पुढे करा. ‘साखरसम्राट म्हणजे भांडवलदारच’ असं म्हणाला तर मालकीचा प्रश्न पुढे करा. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला तो खासगी कारखानदाराकडून होणारी पिळवणूक टाळायला, हेही ध्यानात असू द्या.

दुसरं उदाहरण तोट्याच्या प्रश्नावर नेमकं बसणारं हवं. एअर इंडिया चालेल: १९३२ ला टाटांनी सुरू केली, १९५३ ला सरकारने घेतली, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे गेली, मधल्या काळातला तोटा करदात्याने भरला. भांडवलशाहीच्या बाजूचे हे हमखास काढतात. उत्तर म्हणून येस बँक ठेवा. ती खासगीच होती, पण मार्च २०२० मध्ये तिला वाचवायला स्टेट बँकेलाच पुढे यावं लागलं. दोन्हीकडे नफा एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा.

समाजवादाच्या बाजूने उभे असाल तर रोजगार हमी घ्या. महाराष्ट्राने १९७७ ला तिचा कायदा केला आणि पैसा उभा करायला त्याआधीच १९७५ ला व्यवसाय कर आणला होता. पगारपत्रकात आजही दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात तो हाच कर. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाची सोय केली, हे सभागृहातल्या प्रत्येक नोकरदाराच्या खिशापर्यंत पोचतं.

आता आकडे आणि सनावळ्या. इथे घसरणारे फार. ‘नेहरूंच्या समाजवादाने देश साडेतीन टक्क्यांवर अडकला, १९९१ ला सुटला’ हे वाक्य ऐकू येणारच. १९५० ते १९८० चा अर्थव्यवस्थेच्या सरासरी वाढीचा दर साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता, हे खरं. पण वाढीने वेग घेतला तो ऐंशीच्या दशकात, म्हणजे उदारीकरण आणणाऱ्या २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पाच्या बरीच वर्षं आधी. शिवाय तुलना कशाशी करायची? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली ब्रिटिश काळातली वाढ एक टक्क्याच्या आसपास घुटमळत होती. दुसऱ्या बाजूने ‘भांडवलदारांना सरकार नकोच असतं’ असं कोणी म्हटलं, तर १९४४ ची मुंबई योजना काढा. जे. आर. डी. टाटा आणि घनश्यामदास बिर्ला यांच्यासारख्या उद्योगपतींनीच तीत सरकारने अर्थव्यवस्थेत मोठा हस्तक्षेप करावा असं मांडलं होतं. मद्रासजवळच्या आवडी गावच्या अधिवेशनातला काँग्रेसचा ‘समाजवादी समाजरचने’चा ठराव १९५५ चा, चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण १९ जुलै १९६९ चं. या दोन तारखा एकमेकींत मिसळू नका. मधल्या चौदा वर्षांत पक्षही बदलला होता आणि हेतूही.

आंबेडकर दोन्ही बाजू वापरतात, आणि दोन्ही बाजू अर्धे वापरतात. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी महत्त्वाचे उद्योग, विमा आणि शेतीसुद्धा राज्याच्या मालकीची असावी असं सुचवलं. पण १५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेचे सदस्य के. टी. शाह यांनी घटनेत ‘समाजवादी’ शब्द घालायची सूचना मांडली तेव्हा त्याच आंबेडकरांनी विरोध केला. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवावं, घटनेने त्यांचे हात बांधू नयेत, असा त्यांचा मुद्दा. आणि त्या दिशेची तत्त्वं मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहेतच, हेही त्यांनी सांगितलं. तो शब्द उद्देशिकेत आला १९७६ ला, आणीबाणीत, ४२ व्या दुरुस्तीने. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्या. हे पूर्ण सांगणारा स्पर्धक क्वचित भेटतो. तुम्ही सांगितलंत तर समोरच्याला पान उलटावं लागतं.

मग देशभक्तीचा भाग. इथे आवाज चढतो आणि गुण उतरतात. आधी कायदा स्वच्छ लावा. १८७० ला दंड संहितेत आलेलं राजद्रोहाचं कलम १२४ अ सरकारविषयी अप्रीती पसरवण्याचं होतं, देशाविषयी नव्हे. १९०८ मध्ये टिळकांना त्याच कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला. स्वातंत्र्यानंतरचा कळीचा निकाल केदारनाथ सिंग खटल्याचा, १९६२ चा: नुसती टीका, कितीही जहाल असली तरी, गुन्हा नाही, हिंसेला किंवा सार्वजनिक अशांततेला चिथावणी हवी.

याच खटल्याचा तपशील आपल्या विषयात चपखल बसतो, तरी तो कोणी उघडून बघत नाही. केदारनाथ सिंग फॉरवर्ड कम्युनिस्ट पक्षाचे. बिहारमधल्या बरौनीत १९५३ मध्ये त्यांनी भाषण केलं ते भांडवलदार, जमीनदार आणि काँग्रेस पुढारी क्रांतीच्या ज्वाळांत भस्म होतील अशा थाटाचं. न्यायालयाने कलमाचा अर्थ अरुंद केला, पण त्यांचं स्वतःचं अपील मात्र फेटाळलं. तेव्हा ‘केदारनाथ सुटले’ असं सांगू नका. परीक्षक वकील निघाला तर पंचाईत होते. सुटका झालेलं उदाहरण हवं असेल तर १९९५ चा बलवंत सिंग निकाल घ्या. इंदिरा गांधींच्या हत्येच्या दिवशी दोघांनी खलिस्तानच्या घोषणा दिल्या, कोणी प्रतिसाद दिला नाही, गुन्हा ठरला नाही. १२४ अ ची अंमलबजावणी मे २०२२ मध्ये न्यायालयाने थांबवली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १५२ आहे. त्यात भर सार्वभौमत्व आणि एकात्मतेवर आहे. सरकारी धोरण सनदशीर मार्गाने बदलावं म्हणून केलेल्या टीकेला त्याच्या स्पष्टीकरणात जागा ठेवली आहे. ती किती रुंद, यावर वाद घाला, पण कलम वाचून.

त्यानंतर देशभक्तीपोटी केलेला विरोध कोणता, याची तुमची व्याख्या तपासून घ्या. तीन माणसं तिच्यात बसतात का ते बघा. एक टिळक. दुसऱ्या दुर्गाबाई भागवत, ज्यांनी १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला उघड विरोध केला. तिसरे शेतकरी संघटनेचे शरद जोशी, ज्यांनी रस्त्यावर उतरून शेतमालाला खुली बाजारपेठ मागितली. तिसऱ्या नावापाशी बरेच जण अडखळतात, कारण त्यांनी मनाशी ‘विरोध करणारा म्हणजे डावा’ असं धरलेलं असतं. राजाजींचा (चक्रवर्ती राजगोपालाचारी) स्वतंत्र पक्षही १९५९ ला सरकारी समाजवादाच्या विरोधातच निघाला. सत्तरच्या दशकात सरकारच्या विरोधकांवर ‘परकीय हाता’चा शिक्का बसायचा, आता शिक्का वेगळा, मारणारे वेगळे. दुसरी चाचणी आणखी सोपी: आपल्या वाक्यातलं सत्ताधारी पक्षाचं नाव बदलून ते पुन्हा म्हणा. घशात अडकलं तर ते तत्त्व नाही, पक्षाचा प्रचार आहे, आणि परीक्षकाला तो ऐकताक्षणी कळतो.

वेळेचा हिशेब. मराठीत समजेल असं बोलायला मिनिटाला ११० ते १२० शब्द. सात मिनिटांना साडेसातशे लिहा, थोडी जागा टाळ्यांना आणि अडथळ्यांना सोडा. पहिल्या ४० सेकंदांत तीन प्रश्न, पुढची तीन मिनिटं दोन उदाहरणांना, दोन मिनिटं देशभक्तीच्या भागाला, उरलेलं खंडनाला. खंडन घरून लिहून आणू नका. कागदाला मधोमध घडी घाला, डावीकडे समोरच्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत, उजवीकडे तीनपैकी कुठला प्रश्न त्याने टाळला ते. त्याने मांडलेलं एक खरं वाक्य आधी मान्य करा, मग पुढे जा. सुरेश भटांचे शेर वेळ खातात. टाळ्या पडतात, पण मुद्द्यांच्या रकान्यात शून्य राहतं.

प्रश्नोत्तरात ‘मग तिकडेच जाऊन राहा’ छापाचा प्रश्न आला तर चिडू नका, हसूही नका. भाषणस्वातंत्र्य देणारं घटनेचं कलम १९ (१) (अ) आणि त्यावरचे १९ (२) चे निर्बंध, दोन्ही एका दमात सांगा, ‘यातला कुठला निर्बंध मी मोडला?’ असं विचारा, आणि २० सेकंदांत खाली बसा.